सुपरमॅन उडायला कधी लागला?

लहानपणी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या एका पथारीवरून वडिलांनी मला कार्टूनची एक व्हीसीडी घेऊन दिली होती. तिच्यावर सुपरमॅनचे तीन जुने लघुपट होते. रंग विटलेले, आवाजात सतत खरखर, चित्रावर पावसासारख्या उभ्या रेघा. पण त्यातला एक माणूस आकाशातून येणाऱ्या विनाशक किरणाला मुठींनी ठोसे मारत मागे रेटत होता आणि शहरावरून पाखरासारखा जात होता. ते दृश्य मी किती वेळा पाहिले याची मोजदाद नाही. पुढे जुन्या कॉमिकची पुनर्मुद्रणे हाती आली, तेव्हा पहिल्या पानावरच अडखळलो. तिथे हा माणूस उडत नव्हता. तो उड्या मारत होता.

व्हीसीडीवरचा लघुपट १९४१ चा, ते पान १९३८ चे. मधल्या तीन वर्षांत त्याला उडायला कोणी शिकवले, हे शोधण्यापुरते कागद आणि फिती आज शिल्लक आहेत. त्यांच्या आधाराने जेवढे सांगता येते तेवढेच इथे मांडतो.

आधी ते पान. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकावर जून १९३८ असे छापले आहे, पण अंक विक्रीला आला तो एप्रिलमध्येच. अंक ठेल्यावरून कधी काढायचा हे विक्रेत्याला कळावे म्हणून अमेरिकेतले मासिकवाले तेव्हा पुढचा महिना छापत. या काळाचा कालक्रम लावताना ही गोष्ट ध्यानात ठेवली नाही, तर दोन महिन्यांची चूक हमखास होते. या अंकात एका पानावर नायकाची जन्मकथा आणि त्याच्या ताकदीचा हिशेब आहे. तो एक अष्टमांश मैल, म्हणजे सुमारे दोनशे मीटर, उडी मारतो. वीस मजली इमारत ओलांडतो. एक्स्प्रेस गाडीपेक्षा वेगाने धावतो. फुटणाऱ्या तोफगोळ्याहून कमी ताकदीच्या कशानेही त्याची कातडी भेदली जात नाही. याला शास्त्रीय आधार म्हणून दोन किडे दिले आहेत: स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट भार ओढणारी मुंगी आणि शरीराच्या मानाने प्रचंड उडी घेणारा नाकतोडा. लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर यांच्या मनातला सुपरमॅन कसा होता, हे नाकतोड्याच्या दाखल्यावरून स्वच्छ दिसते. उडणारा माणूस मनात असता तर त्यांनी घार घेतली असती.

त्या दोघांना या कथेचे काय मिळाले, याचाही कागद आहे. १ मार्च १९३८ चा हा धनादेश ४१२ डॉलरचा असून त्यावर प्रकाशन कंपनीचे जॅक लीबोविट्झ यांची सही आहे. त्यात सुपरमॅनच्या तेरा पानांचे, पानाला दहा डॉलर या दराने, १३० डॉलर आहेत. उरलेले २८२ इतर मासिकांतल्या कामाचे. सुपरमॅनचे सगळे हक्क प्रकाशकाकडे गेले ते या १३० डॉलरमध्ये. धनादेशावर दोघांचीही आडनावे चुकीची लिहिली आहेत. त्यामुळे बँकेत वटवण्यासाठी त्यांना पाठीमागे एकदा चुकीच्या आणि एकदा बरोबर नावाने सही करावी लागली. हा कागद टिकला तो कोर्टकचेरीमुळे. १९३९ मध्ये दुसऱ्या एका प्रकाशकाने 'वंडर मॅन' नावाचा नायक काढला. सुपरमॅनच्या मालकांनी त्याच्यावर दावा लावला आणि त्यात हा धनादेश पुरावा म्हणून दाखल झाला. १९४० च्या अपिलाच्या निकालात न्यायमूर्ती ऑगस्टस हँड यांनी दोन्ही नायकांच्या करामती शेजारी शेजारी ठेवल्या आणि खरा फरक एवढाच सांगितला की एकाचा पोशाख निळा आहे, दुसऱ्याचा तांबडा. २०१२ मध्ये तो धनादेश लिलावात १,६०,००० डॉलरला विकला गेला. त्या किमतीशी सीगल आणि शुस्टर यांचा किंवा त्यांच्या वारसांचा काही संबंध नव्हता. हे वाचून मला आजही चैन पडत नाही.

आता १९४०. १२ फेब्रुवारीला रेडिओवर सुपरमॅनची मालिका सुरू झाली. या मालिकेची ध्वनिमुद्रणे शिल्लक आहेत आणि ती ऐकताना बरेच काही उलगडते. संपादक पेरी व्हाइट आधी रेडिओवर अवतरले, मग कॉमिकमध्ये. 'डेली प्लॅनेट' या वर्तमानपत्रातला पोरसवदा जिमी ओल्सन याच्या व्यक्तिरेखेलाही आकार आला तो रेडिओवरच. आवाज बड कॉलियर यांचा. सुपरमॅनचे साध्या बातमीदाराचे रूप म्हणजे क्लार्क केंट; त्याच्यासाठी ते आवाज वर ठेवत, आणि कपडे बदलण्याच्या क्षणी वाक्याच्या मधोमध तो खर्जात उतरवत. रेडिओवर पोशाख दिसत नाही, तेव्हा वेषांतर ऐकू आणण्याची ही युक्ती होती. उड्डाणाचेही तसेच. ऐकणाऱ्याला गुडघे वाकलेले दिसत नाहीत. वाऱ्याचा घोंघाट आणि वर निघाल्याची हाक एवढ्यावर त्याला चित्र उभे करायचे असते, आणि त्या आवाजातून उडीपेक्षा उड्डाणच उभे राहते. रेडिओच्या १९४० मधल्या प्रस्तावनेत विमानापेक्षा वेगवान, आगगाडीच्या इंजिनापेक्षा बलवान आणि गोळीला दाद न देणारा, अशी तीन विशेषणे आहेत. उंच इमारती एका झेपेत ओलांडण्याचे सुप्रसिद्ध वर्णन तेव्हा तिथे नव्हते. ते आले कार्टूनमधून.

कार्टून बनवणारे फ्लायशर बंधू, मॅक्स आणि डेव्ह, बेटी बूप आणि पॉपाय यांच्यासाठी नावाजलेले होते. मॅक्सच्या नावावर रोटोस्कोपचे पेटंट होते. अर्ज १९१५ चा, मंजुरी ९ ऑक्टोबर १९१७ ची. खऱ्या माणसाचे चित्रीकरण करून त्यावरून चौकटीमागून चौकट गिरवायची, अशी ही पद्धत. १९३७ च्या संपानंतर, १९३८ मध्ये, त्यांनी स्टुडिओ न्यूयॉर्कहून मायामीला हलवला. पैसा पॅरामाउंट या चित्रपट कंपनीचा होता आणि कर्ज वाढत होते. १९४१ च्या मेमध्ये पॅरामाउंटने स्टुडिओची सूत्रे आपल्याकडे घेतली. सुपरमॅनचा पहिला लघुपट त्यानंतरचा, २६ सप्टेंबर १९४१ चा.

खर्चाची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. फ्लायशरना हे काम नको होते, म्हणून त्यांनी एका लघुपटाला एक लाख डॉलर मागितले, आणि पॅरामाउंटने नकार देण्याऐवजी घासाघीस करून सौदा केला. हिचा मूळ आधार डेव्ह फ्लायशर यांनी कितीतरी वर्षांनी सांगितलेली आठवण आहे. संवाद जसाच्या तसा खरा मानायला मी तयार नाही, कारण म्हातारपणी सांगितलेल्या सौद्याच्या गोष्टीत सांगणारा सहसा जिंकतोच. पण पहिल्या पटाला पन्नास हजार आणि पुढच्यांना सुमारे तीस हजार हे आकडे इतिहासकार सर्रास स्वीकारतात, आणि पडद्यावर ते दिसतात. सावल्यांची रंगवणूक, इमारतींचे तिरपे कोन, सॅमी टिंबर्ग यांचे वाद्यवृंदासाठी रचलेले संगीत, यातले काहीही स्वस्तात होणारे नव्हते. पहिल्या लघुपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. पुरस्कार मात्र डिस्नेच्या 'लेंड अ पॉ'ला गेला.

माझ्या दृष्टीने पहिल्या पटातला सर्वांत मोलाचा पुरावा सुरुवातीच्या निवेदनात आहे. क्रिप्टन ग्रह फुटतो, बाळाचे यान पृथ्वीवर येते, वाटेने जाणाऱ्या एका मोटारवाल्याला ते सापडते आणि तो बाळाला अनाथाश्रमात पोचवतो. बस. केंट दांपत्याचा उल्लेख नाही. पण १९३९ च्या उन्हाळ्यात निघालेल्या 'सुपरमॅन' मासिकाच्या पहिल्या अंकात तर केंट नवराबायको आले होते. त्यांनाच बाळ सापडते, ते त्याला आश्रमात ठेवतात आणि मग दत्तक घेतात. रेडिओची तऱ्हा तिसरीच. तिथे तो यानातून मोठा होऊनच बाहेर पडतो. म्हणजे १९४१ साली बाजारात किमान तीन जन्मकथा उपलब्ध होत्या, आणि मायामीतल्या लेखकांनी त्यातली सगळ्यांत जुनी घेतली, ती बिनचेहऱ्याच्या मोटारवाल्यासकट. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकातली ती कथा आणि हे निवेदन समोरासमोर ठेवले की नाते लपत नाही. पटकथा लिहिणाऱ्यांच्या टेबलावर १९३८ चे तेच पान किंवा त्यावरून केलेले टिपण असावे, असे मला वाटते.

तेच पान समोर असेल, तर नाकतोडाही समोर होता. मग त्यांनी त्याला उडवले का?

उड्या मारणारा सुपरमॅन पडद्यावर खुळा दिसला म्हणून फ्लायशरनी त्याला उडवायची परवानगी मागितली, अशी आख्यायिका आहे. तिच्यात तथ्य असावे, पण उड्डाणाचे सगळे श्रेय त्यांना देणारी तिची मांडणी रेडिओला विसरते. उडण्याची कल्पना आवाजाच्या रूपात दीड वर्ष आधीच लोकांच्या कानांवर गेली होती. फ्लायशरच्या माणसांनी केले ते वेगळे आणि अवघड काम. कॉमिकच्या चौकटीत हवेतला माणूस उडी मारतोय की उडतोय, हे ठरवावे लागत नाही. अंग ताणलेले, मागे वेगाच्या दोनचार रेघा, खाली गावाची छपरे. दोन्हींसाठी चित्र एकच. पुढच्या चौकटीत तो इष्ट स्थळी पोचलेला असतो. सिनेमात ती पळवाट नाही. सेकंदाला चोवीस चौकटी भरायच्या, म्हणजे जमीन कशी सोडली, वर गेल्यावर वेग उतरला की टिकला, वळला तर कशाच्या जोरावर, हे सगळे कोणाला तरी पेन्सिलीने ठरवावे लागते. शिवाय इथे मॅक्सचा रोटोस्कोपही कामाचा नव्हता. चालणारा क्लार्क किंवा वळून पाहणारी त्याची सहकारी लोइस खऱ्या माणसांवरून गिरवता येते, उडणारा माणूस कुठून आणणार? तिथे अनुभवी चित्रकारांनी हालचालीचे कच्चे आराखडे काढायचे, आणि शरीररेखाटन शिकलेल्या पण कार्टूनमध्ये नवख्या साहाय्यकांनी त्यांवर खांदे-दंड-पोटऱ्या नीट बसवायच्या, अशी विभागणी झाली. या साहाय्यकांपैकी बहुतेकांची नावे श्रेयनामावलीत नाहीत.

ही द्विधावस्था फितीत उमटली आहे. सुरुवातीच्या पटांत निघताना तो गुडघे वाकवतो, एखाद्या छपरावर टेकून पुन्हा झेप घेतो. नाकतोडा अजून अंगातून गेलेला नसतो. प्रस्तावनेतला निवेदक इमारती एका झेपेत ओलांडणारा असे म्हणत असतो, आणि चित्रातला माणूस मात्र हवेत दिशा बदलत असतो. शब्द १९३८ चे, चित्र १९४१ चे. मालिकेच्या उत्तरार्धात प्रस्तावनाही बदलली आणि झेपेच्या जागी कुठल्याही विमानापेक्षा उंच उडणे आले. १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कॉमिकमधला सुपरमॅनही बिनदिक्कत उडू लागला. गंमत अशी की जनतेच्या तोंडी राहिले ते झेपेचेच वाक्य. पुढे टीव्हीनेही तेच उचलले, आणि उडणाऱ्या माणसाची ओळख उडी मारणारा म्हणूनच करून दिली जात राहिली.

ज्यात सुपरमॅन वेष बदलतो, त्या टेलिफोन बूथचे मूळही कार्टूनमध्येच. कॉमिकमध्ये क्लार्क कुठेही आडोसा पाहून कपडे बदलत असे. बूथ आला तो २८ नोव्हेंबर १९४१ च्या 'द मेकॅनिकल मॉन्स्टर्स' या दुसऱ्या लघुपटात. त्यात एका संशोधकाचे उडते यंत्रमानव जवाहिरांचे प्रदर्शन लुटतात. क्लार्क बातमी कळवायला बूथमध्ये शिरतो, लोइस एका यंत्राच्या पोटात लपून निसटते, आणि तो तिथेच पोशाख बदलतो. बूथ आला तो कथेची निकड म्हणून. बातमीदाराला फोन लागतोच. त्याची खूण पुढे इतकी पक्की झाली की १९७८ च्या चित्रपटात नुसत्या अर्ध्या बूथकडे पाहून प्रेक्षक हसले. याच लघुपटातल्या लांब हातांच्या यंत्रमानवांची सावली जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या 'ल्युपाँ' मालिकेच्या १९८० च्या भागावर आणि १९८६ च्या 'लापुटा'वर पडली आहे.

मालिकेत एकूण सतरा लघुपट. पहिले नऊ फ्लायशर स्टुडिओचे, नंतरचे आठ पॅरामाउंटने त्याच माणसांतून उभ्या केलेल्या फेमस स्टुडिओचे. इथे श्रेयनामावली फसवते. डेव्ह फ्लायशर १९४१ च्या अखेरीस निघून गेले, तरी ऑगस्ट १९४२ च्या नवव्या पटापर्यंत दिग्दर्शक म्हणून त्यांचेच नाव झळकते.

दहाव्या पटापासून सूर बदलतो. १८ सप्टेंबर १९४२ च्या या पटाच्या नावातच जपान्यांना हिणवणारा शब्द घातपाती या अर्थाच्या शब्दाशी जोडला आहे. जपानी घातपाती एक अजस्र बॉम्बवाहू विमान पळवतात, अशी कथा. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्षांचा हुकूम निघून अमेरिकेतल्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरांतून उठवून छावण्यांत कोंडले होते. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. एकाही जपानी-अमेरिकनावर घातपाताचा गुन्हा कधी सिद्ध झाला नाही. पोरांच्या करमणुकीसाठी बनलेला हा पट त्या कोंडण्याला कारण पुरवत होता, आणि मी तो पुन्हा पाहतो तेव्हा त्यातल्या सुंदर रेखाटनाने हा दोष हलका होत नाही. नोव्हेंबरमधल्या 'इलेव्हन्थ अवर'मध्ये क्लार्क आणि लोइस योकोहामात कैदेत आहेत आणि रोज रात्री अकरा वाजता तो निसटून जहाजे बुडवतो.

कॉमिकवाल्यांनी याच सुमारास नेमके उलट ठरवले होते. फेब्रुवारी १९४२ च्या दैनिक चित्रमालिकेत क्लार्क सैन्यात भरती व्हायला जातो, डोळे तपासताना क्ष-किरण दृष्टीने चुकून शेजारच्या खोलीतला तक्ता वाचतो आणि नापास होतो. सुपरमॅन आघाडीवर गेला तर युद्ध एका दुपारीत संपेल आणि खरे सैनिक मात्र मरत राहतील, हा पेच त्यातून टाळला. याआधी एकदा, २७ फेब्रुवारी १९४० च्या 'लुक' नियतकालिकासाठी, सीगल आणि शुस्टर यांनी दोन पानांत हिटलर आणि स्टालिनला बखोटीला धरून जिनिव्हाला राष्ट्रसंघासमोर उभे केले होते. त्यावर एप्रिलमध्ये नाझींच्या एसएस संघटनेच्या साप्ताहिकाने सीगल यांच्या ज्यू असण्यावर गरळ ओकली. अमेरिका युद्धात उतरल्यावर छापील सुपरमॅन घरी थांबला, पडद्यावरचा योकोहामाला गेला. दोन्हीकडच्या पात्राचा हक्क एकाच मालकाकडे होता, म्हणून हा फरक मला अधिक बोलका वाटतो. कॉमिक महिन्यामागून महिना चालू ठेवायचे असते, आठ-नऊ मिनिटांच्या पटाला त्या आठवड्यातले थिएटर जिंकले की पुरते.

३० जुलै १९४३ ला सतरावा पट आला आणि मालिका थांबली. सीगल आणि शुस्टर १९४७ मध्ये हक्कांसाठी न्यायालयात गेले आणि त्यांची नावे सुपरमॅनच्या पानांवरून गायब झाली. १९७५ मध्ये जनमताच्या रेट्याने दोघांना वर्षाला वीस हजार डॉलरचे निवृत्तिवेतन आणि त्यांची नावे परत मिळाली.

लघुपटांचे पुढे काय झाले, हे एका न केलेल्या नोंदीवरून कळते. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार अशा कृतीचा हक्क अठ्ठावीस वर्षे टिके आणि नंतर नूतनीकरण करावे लागे. १९४१ च्या पटांसाठी ही मुदत १९६९ ला येत होती, शेवटच्यांसाठी १९७१ ला. त्या वर्षांच्या नूतनीकरणाच्या नोंदींत हे सतरा पट नाहीत. सुपरमॅन या पात्रावरचा हक्क शाबूत राहिला, पण फिती खुल्या झाल्या. ज्याच्या हाती जी प्रत पडली, त्याने तिच्यावरून दुसरी काढली, दुसरीवरून तिसरी. माझ्या व्हीसीडीवर पडणारा तो पाऊस बहुधा याच प्रतींच्या प्रतींतून आला होता.

मूळ फितींवरून स्वच्छ केलेली आवृत्ती वॉर्नर कंपनीने पुढे काढली. तिच्यात मी 'द मेकॅनिकल मॉन्स्टर्स'मधला बूथ थांबवून, एकेक चौकट पुढे सरकवत पाहिला. व्हीसीडीवर त्या जागी नुसता काळा डाग हलत असे. इथे काचेवर एका माणसाची सावली आहे. खांदे दिसतात, कोपर दिसते, कोट उतरवणारे हात दिसतात. मायामीतल्या कुणीतरी टेबलावर वाकून ते हात एकेक करून काढले आहेत.